तीस वर्षं टिकेल

इस्पितळाच्या तळघरात, शवागाराच्या दोन दारं अलीकडे, एक खोली होती. तिच्यात बाराही महिने एकोणीस अंश असत. बाहेर माणसं घामाने निथळत असली तरी आत बसलेला माणूस राखाडी स्वेटर घालून असे. त्याला सगळे टेपमास्तर म्हणत. वरच्या सहा मजल्यांवर दिवसभर जे घडे, म्हणजे कुणाच्या छातीत काय निघालं, कुणाला किती किरणं दिली, कोण सुटलं आणि कोण मेलं, ते सगळं संध्याकाळी पाचला काड्यापेटीपेक्षा जराशा मोठ्या कॅसेटमध्ये उतरे आणि ती कॅसेट भरली की मास्तर कपाटात ठेवत. उद्या संगणक जळाला, वीज पडली, तर सगळं पुन्हा उभं करायला ही नक्कल. सत्तावीस वर्षांत संगणक जळाला नाही, वीजही पडली नाही. त्यामुळे त्या नकलेची कुणाला कधी गरज पडली नाही, आणि मास्तरांची अब्रू दरवर्षी वाढत गेली.

टेप ठेवण्याचे त्यांचे नियम होते. कॅसेट उभी ठेवायची, आडवी नाही. आडवी ठेवली की आतला गुंडाळा एका बाजूला बसतो. मोटारीपासून, स्पीकरपासून, चुंबकापासून लांब. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, जुनं कपाट उघडून प्रत्येक टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पळवायची आणि परत गुंडाळायची, म्हणजे थराला थर चिकटत नाही. पाठीवरच्या पट्टीवर तारीख, क्रमांक, सही. काळी शाई, छापल्यासारखं अक्षर. आत चहा नाही, चप्पल नाही, मोबाइल नाही.

"मास्तर, घरी वहिनींनापण उभ्याच ठेवता का हो?" लिफ्टवाला विचारायचा.

"आडवं ठेवलं की काय होतं ते दोन दारं पलीकडे जाऊन बघ," मास्तर म्हणायचे. हसत नसत.

टेपेत काय आहे ते त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही, आणि याचाही त्यांना अभिमान होता. "आपलं काम ठेवायचं. वाचायचं नाही." एकदा एक बाई खाली आली होती. नवरा जाऊन वर्ष झालं होतं; तो नेमका कुठल्या तारखेला दाखल झाला तेवढी नोंद तिला हवी होती. अर्जावर अधीक्षकांची सही होती, पण शिक्का नव्हता. मास्तरांनी तिला वर पाठवलं. वर शिक्क्याचा कारकून जागेवर नव्हता. ती तीनदा उतरली, तीनदा चढली, तीनदा तिला एकच शब्द ऐकायला मिळाला, "शिक्का." चौथ्यांदा ती आली नाही. मास्तरांनी ही हकिगत घरी जेवताना सांगितली, शिस्तीचा नमुना म्हणून. बायको आमटी वाढत होती, तिने मान डोलावली. बहिणीने विचारलं, "लंगडत होती का रे ती?"

"लक्ष नाही दिलं."

"तुझ्याकडे येणाऱ्याने आधी गुडघे तपासून घ्यावेत," ती म्हणाली.

सुरुवातीला त्या खोलीत टेप लिहिणारी-वाचणारी दोन यंत्रं होती, एकाच कंपनीची, एकाच दिवशी आलेली. मास्तर त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणत. रोजचं लिहायचं काम एक नंबरकडे. इस्पितळाचा नियम असा की दर तीन महिन्यांनी एक नंबरने लिहिलेली एखादी टेप दोन नंबरमध्ये घालून वाचून बघायची. नियम कुणा शहाण्याने केला असावा. चौथ्या वर्षी खोलीला रंग दिला. रंगाऱ्यांनी टेबल ओढलं तेव्हा एक नंबर खाली पडता पडता राहिला. एका कोपऱ्यावर आपटला, इतकंच. मास्तरांनी तो पुसून जागेवर लावला. चालू झाला. त्याने लिहिलं, लिहिलेलं परत वाचून पडताळलं, एकही चूक नाही.

तीन महिन्यांनी टेप दोन नंबरमध्ये घातली. त्याने ती बाहेर ढकलली. दुसरी घातली, तीही ढकलली. त्याच टेपा एक नंबरने घडाघडा वाचल्या. बिघडलंय कोण ते सांगायला पदवी लागत नव्हती. मास्तरांनी कंपनीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे कंपनीची तपासणीची टेप होती. दोन नंबरने ती एका दमात वाचली.

"हा ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "आता तो दुसरा बघू."

"त्याला कशाला हात लावता? तो सगळं वाचतो."

"स्वतःचं लिहिलेलं वाचतो. माझं अक्षर मला लागतं हो मास्तर, बायकोला लागत नाही."

"बाहेरची टेप त्यात घालायची नाही. धूळ जाते."

"बरं, तुमच्याच घरची घाला. रंग देण्याआधीची एखादी जुनी टेप काढा, दोन्हींत घालतो. पाच मिनिटांत कळेल खोटं कोण बोलतंय."

"जुनं कपाट मार्चमध्ये उघडतं."

"आणि मधे लागलं तर?"

"अधीक्षकांची लेखी परवानगी. ते दौऱ्यावर आहेत. सोमवारी या."

"सोमवारी मी चारशे किलोमीटर लांब असतो," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने पेटी बंद केली, भेटीच्या कागदावर 'यंत्र क्रमांक दोनमध्ये दोष आढळला नाही' असं लिहून सही केली आणि गेला. मास्तरांनी तो कागद फाइलला लावला, आणि त्यावर स्वतःचा कागद लावला: यंत्र क्रमांक दोन सदोष, वाचन अविश्वसनीय, निर्लेखित करावे. इस्पितळात आतल्या माणसाचा कागद वर असतो. दोन नंबर भंगारात गेला. दुसरं यंत्र कुणी घेतलं नाही. त्यानंतर तिमाही तपासणी एक नंबरचं लिहिलेलं एक नंबरमध्येच घालून होऊ लागली, आणि निकाल दर वेळी शंभर टक्के. मार्चमध्ये कपाट उघडे, जुन्या टेपा पळवल्या जात. पळवायच्या असत, वाचायच्या नसत. त्या शंभर टक्क्यांच्या जोरावर पुढे मास्तरांनी आणखी एक सही केली: रुग्णांचे दहा वर्षांपूर्वीचे कागद नष्ट करायला हरकत नाही, सर्व माहिती टेपवर सुरक्षित आहे. कागदांचे ट्रक दोन दिवस जात होते.

मग नऊ वर्षांपूर्वी नवे संगणक आले, आणि त्यांच्याबरोबर सिस्टिमवाले साहेब. साहेब म्हणायचं, पण वयाने मास्तरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

"मास्तर, तुमचं जुनं यंत्र काढतोय. त्याआधी सगळ्या जुन्या टेपा डिस्कवर उतरवून घेऊ. महिन्याभराचं काम आहे."

"दर वेळी फिरवली की टेप झिजते, साहेब. खोक्यावर काय छापलंय ते वाचा."

खोक्यावर छापलं होतं, तीस वर्षं टिकेल.

"टेप टिकेल हो. पण वाचणार कशात? हे यंत्र आता बनतही नाही."

"वेळ आलीच तर बाजारातून जुनं आणायचं. एका जातीची सगळी यंत्रं सारखीच."

साहेबांच्या डोक्यावर नव्या संगणकांचं ओझं होतं; त्यांनी वाद सोडला. जुन्या नोंदी टेपांतच राहिल्या, रोजची नवी नक्कल डिस्कवर होऊ लागली, आणि मास्तरांकडे कपाटं उरली. निर्लेखित वस्तू चोरून विकली जाऊ नये म्हणून ती निकामी करूनच बाहेर काढायची असा नियम होता. शिपाई हातोडी घेऊन आला तर मास्तरांनी ती त्याच्या हातून काढून घेतली. एक नंबरचं झाकण उघडलं. टेपेवर लिहिणारं-वाचणारं आतलं हेड करंगळीच्या पेराएवढं, चकचकीत. तीन घावांत चेचलं. तिसऱ्या घावाची गरज नव्हती.

मास्तरांची बहीण त्यांच्याच घरी राहायची. चार वर्षांनी मोठी. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिची पायाची शिलाई मशीन, शेजारी कॉट. इस्पितळातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट ती शिवायची. ऐन चाळिशीत तिच्या छातीतल्या गाठी सुजल्या, त्यालाही आता बावीस वर्षं झाली. याच इस्पितळात पाच आठवडे छातीला किरणं घेतली. गाठी गेल्या. उशिरा ठरलेलं लग्नही गेलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की प्रकृतीला जपा. तेव्हापासून ती जपत होती, म्हणजे रोज सकाळी नऊ ते सहा पाय मारत होती. बोलणं असं की वाटावं, सुई तोंडात धरूनच बोलते. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, तिला वन्सं म्हणायची आणि तिच्या अध्यातमध्यात नसायची. मास्तर तिला ताई म्हणायचे; त्यांना घरात फक्त तीच 'अरे' म्हणायची.

गेल्या वर्षी तिची पाठ दुखू लागली. मग डाव्या पायाला मुंग्या. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मास्तर तिला इस्पितळात घेऊन गेले. किरणांच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी फोटो बघितले आणि खुर्ची ओढून ताईच्या समोरच बसल्या.

"गाठ कण्याला टेकली आहे," त्या म्हणाल्या. "शस्त्रक्रियेची जागा नाही. पण किरणांनी ती आक्रसेल. दहा दिवस दिली तर पाय वाचतील."

"मग द्या की. मी काय नको म्हणते?"

"पूर्वी याच भागात घेतली आहेत तुम्ही. कण्यातली नस आयुष्यात एका हद्दीपर्यंतच किरणं सोसते. तेव्हा किरणं अडवायला तुमच्या कण्यावर शिशाचा ठोकळा ठेवला असेल, तर नस कोरी आहे, मी निर्धास्त देईन. ठोकळा नसेल तर तिचा वाटा तेव्हाच संपलाय. वरून मी दिली तर गाठीच्या आधी मीच तुमचे पाय घालवीन. ठोकळा होता का?"

"मी पालथी होते बाई. पाठीवर काय ठेवलं ते मला कसं दिसणार?"

"ते डॉक्टर वारले. त्यांचे मदतनीस परदेशात आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणतात, कधी ठेवायचो, कधी नाही. म्हणजे नोंद बघावी लागेल."

"डिस्चार्जचं कार्ड होतं माझ्याकडे," ताई म्हणाली. "बटणांच्या डब्यात. पाठीमागे सगळं लिहिलेलं. यानेच नेलं. म्हणाला, कागद कसर खाते, रेकॉर्डला लावतो."

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उभे राहिले. ते कार्ड त्या दोन दिवसांत ट्रकने गेलेल्या कागदांत होतं, पण त्यांचा चेहरा उजळला होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी टेप हवी होती.

"टेप क्रमांक पाचशे बारा," ते म्हणाले. "तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. उद्या नोंद तुमच्या टेबलावर."

सिस्टिमवाल्या साहेबांनी धावपळ करून त्याच जातीचं एक जुनं यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणवलं. मास्तरांनी हात धुतले, टेप घातली. यंत्र घरघरलं, थांबलं आणि टेप बाहेर आली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. पाचशे तेरा, बाहेर. सहाशे, बाहेर. साहेबांनी सहज म्हणून अगदी वरच्या कप्प्यातली सातवी टेप घातली, पहिल्या वर्षाची. ती यंत्राने गिळली आणि पडद्यावर सत्तावीस वर्षांपूर्वीचे रुग्ण ओळीने उतरू लागले.

"ही वाचतंय," साहेब म्हणाले.

"यंत्र खराब आहे," मास्तर म्हणाले.

त्यांनी संध्याकाळपर्यंत एकेक टेप घातली. तीनशे एक्केचाळीसपर्यंतच्या सगळ्या वाचल्या गेल्या. तीनशे बेचाळीसपासून पुढे एकही नाही. तीनशे बेचाळीसच्या पट्टीवर जी तारीख होती ती रंग दिल्यानंतरच्या सोमवारची होती, पण हे मास्तरांनी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या शहरात एक माणूस होता, बिघडलेल्या टेपा वाचून द्यायचा. साहेबांनी पाचशे बारा त्याच्याकडे माणसाबरोबर पाठवली. तीन दिवसांनी त्याचा फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर लावला.

"कुणी सांभाळल्यात या टेपा?" तिकडचा माणूस म्हणाला. "कमाल आहे. बुरशी नाही, सुरकुती नाही, ताण नाही. अजून वीस वर्षं सहज काढेल."

"मी सांभाळल्यात," मास्तर म्हणाले.

"तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो. नाहीतर लोक अक्षरशः पोत्यात भरून आणतात."

"मग वाचलीत ना?"

"नाही ना. टेप सुरेख आहे. लिहिलंय तिरकं. तुमच्या यंत्राचं हेड केसभर वाकडं होतं. ते वाकडं लिहायचं आणि वाकडंच वाचायचं, म्हणून त्याला स्वतःला सगळं सरळ दिसायचं. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ते वाचता यायचं नाही. ते यंत्रच पाठवा, अर्ध्या दिवसात देतो."

"ते नाही," साहेब म्हणाले.

"भंगारात असेल, शोधा. हेड शाबूत असलं तरी पुरे."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं नाही.

"पण तुमच्याकडे दुसरं यंत्र नव्हतं का?" फोनमधला माणूस म्हणाला. "ताडून बघायला?"

"होतं," मास्तर म्हणाले. "ते खराब होतं."

"खराब म्हणजे?"

"माझ्या टेपा वाचत नव्हतं."

मग तो माणूस एकदम कामाचं बोलू लागला: आपल्याकडच्या यंत्राचं हेड मुद्दाम केसाकेसाने वाकवत जायचं, कुठेतरी जुळेल; अंदाजाचं काम आहे; तीन महिने, कदाचित चार. साहेबांनी डॉक्टरबाईंना विचारलं की पायांना किती वेळ आहे. दोन आठवडे, त्या म्हणाल्या, फार तर.

त्या दुपारी मास्तर लवकर घरी आले. ताई मशीनवर होती. उजव्या पायाने मारत होती. डावा नुसता पट्टीवर ठेवलेला.

"मिळाली?"

"चार महिने लागतील."

तिने चाक हाताने थांबवलं. दोरा तोडला. "तुझ्याकडे तो शिक्का आहे ना? नोंदीचा खरा उतारा म्हणून मारतोस तो?"

"आहे."

"मग दे लिहून. ठोकळा ठेवला होता. एक ओळ. तुझं अक्षर आहे, शिक्का आहे, डॉक्टरबाई उद्या सुरू करतील."

"नसलेल्या नोंदीचा उतारा देता येत नाही, ताई."

"नोंद आहे. टेपेत आहे. तू म्हणतोस ना टेप उत्तम आहे?"

"काय लिहिलंय ते कुणाला माहीत? ठोकळा नसला तर? माझ्या सहीने तू लुळी होशील."

"आणि काहीच न देता होईन, ती कुणाच्या सहीने?"

आतून वहिनी दारापर्यंत आली. "वन्सं, त्यांना थोडं बसू तरी द्या."

"बसू दे की. बसायला पाय लागत नाहीत." मग ती भावाकडे वळली, आणि आवाज अगदी साधा झाला. "हे बघ. दोन्हीकडे खड्डाच आहे. पण एकीकडे अर्धी तरी आशा आहे, दुसरीकडे काहीच नाही. पाय माझे आहेत. मी सांगते, लिही."

मास्तर बूट काढायचे विसरून उभे होते. ती ज्या हिशेबाने बोलत होती तो बरोबर होता, आणि ते त्यांना कळत होतं. बायकोलाही कळलं होतं, ती म्हणाली, "द्या ना लिहून. मी म्हणते, द्या. कोण विचारतंय?"

"चार महिन्यांनी टेप वाचली गेली की विचारतील," मास्तर म्हणाले.

त्यांना स्वतःलाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. ताईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, एखाद्या उसवलेल्या शिवणीकडे पाहावं तसं.

"हां," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू माझ्या पायांना भितोस."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी उताऱ्याचा छापील अर्ज काढला. काळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: नोंद उपलब्ध नाही. सही केली, तारीख घातली, शिक्का मारला आणि स्वतः वर नेऊन दिला. डॉक्टरबाईंनी वाचला. "बरं झालं स्पष्ट लिहिलंत," त्या म्हणाल्या. "मग मला धोका पत्करता येणार नाही." त्यांनी दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. चांगल्या गोळ्या होत्या. दुखणं कमी झालं.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला ताई एका कोटाची बाही जोडत होती. मशीन थांबली. तिला वाटलं पट्टा तुटला. तिने वाकून पाहिलं. पट्टा जागेवर होता, चाक जागेवर होतं, पट्टीवर दोन्ही पाय नीट ठेवलेले होते. तिने वहिनीला हाक मारली आणि विचारलं, "अगं, माझे पाय हलतायत का बघ."

वहिनीने बघितलं. "नाही," ती म्हणाली. तिला खोटं सुचलं नाही.

ती मरणार होती असं नाही. गाठ पाय घेऊन थांबली. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा गाठी वर्षानुवर्षं थांबतात. कॉट खिडकीपासून आत सरकवली, कारण मोरी तिकडे होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. वहिनी बदलायची. मशीन कुणीतरी अर्ध्या शिवलेल्या कोटासकट घेऊन गेलं.

चौथ्या महिन्यात टेप वाचली गेली. त्याच महिन्यात मास्तर निवृत्त होत होते. सभागृहात चहा झाला. अधीक्षक म्हणाले की या गृहस्थांच्या हाताखाली सत्तावीस वर्षांत अकराशे टेपांपैकी एकही टेप खराब झाली नाही, आणि हे मी म्हणत नाही, बाहेरच्या तज्ज्ञाने लेखी दिलंय. टाळ्या वाजल्या. लिफ्टवाल्याने शिट्टी घातली. सिस्टिमवाले साहेब मागच्या रांगेतून उठून गेले. जाताना त्यांनी घडी घातलेला एक कागद मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो जिन्यात वाचला. मग घरी येऊन दारातच बायकोच्या हातात दिला. तिने वाचला, त्यांना बाहेर ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"नका सांगू," ती कुजबुजली. "सांगा, ठोकळा नव्हता. सांगा, दिली असती तरी पाय गेलेच असते. एवढं करा. आयुष्यात एवढं एक करा."

"कागदावर तसं नाही."

"कागद मी जाळते."

"वन्सं म्हणतेस ना तिला? तिला कळायला नको?"

"तुम्हाला सांगायचंय," बायको म्हणाली. "तिला कळण्याशी तुम्हाला काही घेणं नाही. तुमची टेप खरी निघाली, ते तुम्हाला वाचून दाखवायचंय."

हा प्रामाणिकपणा होता असं म्हणायला जीभ धजत नाही. कागद हातात असला की मास्तरांना त्यावर असेल तेच दिसायचं. कागदापलीकडे कोण आहे ते दिसायचं नाही. त्यांनी बायकोच्या हातातून कागद घेतला, घडी सरळ केली आणि आत गेले.

"आला का?" ताईने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. कूस बदलायला अजून अर्धा तास होता. "वाच."

त्यांनी वाचलं. तारीख, रुग्णाचं वय, वजन, किरणांच्या खेपांची संख्या. पहिल्या दिवसापासून कण्यावर शिशाचा ठोकळा. नसेला पोचलेली किरणं, सोसण्याच्या हद्दीच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी. शेरा: पुढे गरज पडल्यास याच भागात पुन्हा देता येतील.

बायको मोरीत गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला.

"शेवटची ओळ परत वाच," ताई म्हणाली.

त्यांनी वाचली.

त्यानंतर ती रागावली नाही. मास्तर वाट बघत राहिले की ती काहीतरी बोलेल, काही फेकेल, घर सोडून जायचं म्हणेल. पण जाणार कशी? दुसऱ्या दिवशी चार वाजता, वहिनीने कूस बदलून पाठ पुसून दिल्यावर, तिने हाक मारली. "अरे, तो कागद आण." मास्तरांनी आणला. "वाच." त्यांनी वाचला. तिसऱ्या दिवशीही चारला. आता त्यांना कामावर जायचं नव्हतं, कुठेच जायचं नव्हतं. रविवारी पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर वाचायला लावला. पाहुण्यांना कळेना, त्यांनी चहा संपवला आणि निघाले. एकदा मास्तर चार वाजता चपला घालून दारात उभे राहिले, तर तिने नुसतं "अरे" म्हटलं आणि ते परत फिरले. कागद घड्यांवर फाटू लागला तेव्हा त्यांनी त्याची स्वतःच्या अक्षरात स्वच्छ नक्कल केली, मुळाशी ओळ न् ओळ ताडून.

आज त्यांनी जरा भरभर वाचलं. बाहेर ऊन होतं, वहिनी मोरीत चादर आपटत होती. वय, वजन, खेपा, ठोकळा, शेरा. कागद खाली ठेवून ते उठायला गेले.

"तारीख गाळलीस," ताई म्हणाली.

त्यांनी कागद उचलला, चष्मा सारखा केला आणि तारीख वाचली.